ढगाच्या अलीकडचे तारे

माझी आत्या आमच्याकडे माझ्या लेकीला, ढमीला, सांभाळायला येते, असं सासूबाई अख्ख्या इमारतीला सांगतात. आत्या येते हे खरं. ढमीला मांडीवर घेते, चघळायला तिच्या हातात चमचा देते, हेही खरं. पण तिचे डोळे असतात स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझ्या लॅपटॉपवर. मी एखादा आलेख बंद केला की मागून आवाज येतो, "थांब. तो परत उघड."

"विहीणबाई, पोरीकडे बघताय ना?" सासूबाई विचारतात.

"बघतेय की."

"तुमची मान तर कोळशाकडे आहे."

कोळसा हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, मुलगी करते काय. मी सांगितलं, ताऱ्यांच्या मधल्या काळ्या ढगांत कार्बनचे रेणू शोधते. "म्हणजे कोळसा," त्या म्हणाल्या. "तो शोधायला एवढ्या लांब कशाला जायचं?" तेव्हापासून मी कामाला बसले की घरात खाण सुरू होते, आणि ढमी रडली की खाण बंद.

एका दुपारी ढमी झोपलेली असताना दोघी बटाटे सोलत बसल्या होत्या. सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "पण तो कोळसा असतो तरी कसा तिथे?"

आत्याने सालीची एक लांब पट्टी उचलून ताठ धरली. "कार्बनचे अणू एकामागे एक हात धरून उभे राहतात. एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला नायट्रोजन. सरळ काठीच म्हणा ना. ही काठी गरगर फिरत असते, आणि फिरण्याचा वेग जरा कमी झाला की बारीकशी रेडिओ लहर सोडते. त्या लहरींचे आकडे ठरलेले. सारख्या अंतरावर, शिडीच्या पायऱ्यांसारखे. जेवढी काठी लांब, तेवढ्या पायऱ्या जवळ."

"आणि आकडे ठरलेले हे तुम्हाला कोणी सांगितलं? वर जाऊन कोणी मोजून आलं?"

"आधी खाली मोजावे लागतात. काचेच्या नळीत तोच रेणू तयार करायचा, त्याचे आकडे काढायचे, मग वर आकाशात तेच सापडतात का बघायचं."

"मग खाली कोणी मोजले?"

आत्याचं सोलणं थांबलं. "होता एक काचवाला," ती म्हणाली.

ही गोष्ट मला ठाऊक होती, पण तुकड्यातुकड्यांनी. कधी बाबांच्या तोंडून, कधी आईच्या. सलग अशी मी त्या दुपारीच ऐकली, आणि तीही मला नाही, सासूबाईंना सांगितलेली.

काचवाला म्हणजे काही खरोखरचा काचवाला नव्हे. आत्या तेव्हा माझ्यासारखीच ढगांवर काम करायची, आणि तोही तिच्याइतकाच शिकलेला. पण त्याच्या प्रयोगाच्या नळ्या तो स्वतः फुंकायचा, दुसऱ्या कोणाची काच त्याला चालायची नाही, म्हणून ते नाव. त्याची प्रयोगशाळा तळघरात, आत्याची खोली वरच्या मजल्यावर. विभागात सगळे त्यांना खालचा आणि वरची म्हणायचे. खालच्याने मोजायचं, वरचीने शोधायचं. दोघांचं लग्न ठरल्यात जमा होतं. भाड्याची जागासुद्धा बघून ठेवली होती. त्या जागेच्या स्वयंपाकघरात ओट्याची उंची काचवाल्याला कमी पडत होती, आणि तो वाकून वाकून भांडी कशी घासणार यावर आत्या हसायची.

त्या वर्षी काचवाल्याने तोवर कोणी केली नव्हती एवढी लांब साखळी नळीत तयार केली आणि तिचे आकडे काढून छापले. आत्याने दुर्बीण त्या आकड्यांवर लावली. लहान साखळ्या दिसल्या, ओळखीच्या, जिथे असायला हव्यात तिथेच. लांब साखळीच्या जागी सपाट रेघ. आत्याने तसं छापलं: ढगात ती नाही.

"मग मी जिना उतरून त्याच्याकडे गेले," आत्या म्हणाली, "आणि विचारलं, तुझे आकडे चुकलेत का रे? तो थोडा वेळ नळी पुसत बसला. मग म्हणाला, चुकले असतील."

"एवढंच?"

"एवढंच. पुढच्या महिन्यात त्याने छापलेला पेपर परत घेतला. भांडला नाही, परत बघ म्हणाला नाही. मला त्याचाच राग आला, विहीणबाई. ज्याचा स्वतःच्या हातावर विश्वास नाही, त्याच्या हातात हात कसा द्यायचा? हळूहळू मी तळघरात जाणं बंद केलं. तो बाटल्यांच्या कारखान्यात नोकरी धरून दुसऱ्या गावी गेला. लग्नबिग्न केलं. मी थांब म्हटलं नाही."

सासूबाईंनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "आणि आता काय हवंय तुम्हाला?"

"एकदा कळू दे. त्याचे आकडे चुकले होते, का माझं बघणं."

त्यासाठीच मी नव्या मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज केला होता. पोटात ढमी असताना केला, आणि वेळ मंजूर होऊन आला तेव्हा ढमीला दात येत होते. रेडिओ दुर्बिणीला रात्रच लागते असं नाही, आणि हल्ली तिच्याजवळही जावं लागत नाही. आमच्या स्वयंपाकघरातून, एका बाजूला लॅपटॉप आणि दुसऱ्या बाजूला भाताचा कुकर, अशी आम्ही दुर्बीण चालवली.

अशा कामात दुर्बीण आलटून पालटून दोन ठिकाणी वळवतात. एकदा ढगाकडे, एकदा शेजारच्या रिकाम्या आकाशाकडे. हवेची खरखर, यंत्राची खरखर दोन्हीकडे सारखीच असते. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की उरतं ते फक्त ढगाचं.

"रिकामी जागा कुठली घेऊ?" मी विचारलं.

"माझीच घे, जुनी," आत्या ढमीच्या हिरड्यांवरून बोट फिरवत म्हणाली. "काळा ढग मागचे तारे झाकून टाकतो. तारे दिसले म्हणजे तिथे ढग नाही. मी भिंग घेऊन फोटोवर अख्खा दिवस घालवला होता त्या जागेसाठी. छान तारे आहेत तिथे."

मी तिचीच जागा घेतली. कोणीही घेतली असती.

दुर्बिणीवरच्या आमच्या पाळ्या संपल्या. मी वजाबाकी करून सगळं एकत्र केलं. लहान साखळ्या टोकदार उभ्या राहिल्या. लांब साखळीच्या एकाही पायरीवर काही नव्हतं. नव्या दुर्बिणीची रेघ जुनीपेक्षा कितीतरी गुळगुळीत होती, म्हणून रिकामेपणाही जास्त स्पष्ट.

आत्या पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे त्याचंच चुकलं होतं," ती म्हणाली. मग ढमीला माझ्याकडे देत, "माझं बरोबर निघालं तर इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं गं."

त्या दिवशी ती लवकर गेली. चष्मा टेबलावरच विसरली. सासूबाई तो पुसून ठेवत म्हणाल्या, "कोळसा नाही सापडला वाटतं."

ढमीला आम्ही ढमी म्हणतो, पण ती अंगाने काडी आहे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दर आठवड्याला वजन करायला सांगितलेलं. घरात बाळाचा काटा नाही, मोठ्या माणसांचा आहे. त्यामुळे सासूबाई आधी ढमीला कडेवर घेऊन काट्यावर उभ्या राहतात, मग तिला खाली ठेवून एकट्या, आणि मी वजाबाकी करते. आमच्या घरात हे काम त्यांचंच. मी उभी राहिले तर म्हणतात, "तू हलतेस."

पुढच्या आठवड्यात आत्या आली त्या दिवशी आम्हाला दवाखान्यात जायचं होतं. सासूबाई ढमीला घेऊन उभ्या राहिल्या, मी आकडा बघितला. ढमीने हातपाय झाडले, म्हणून आत्याने तिला उचललं. तेवढ्यात दूध उतू जाण्याचा वास आला. सासूबाई आत धावल्या, गॅस बंद केला, परत येऊन घाईघाईने काट्यावर चढल्या. मी आकडा बघितला. वजाबाकी केली. परत केली.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

आठवड्याभरात ढमीचं पाव भाग वजन नाहीसं झालं होतं. तिच्या मनगटाकडे बघितलं तर ते मला खरोखरच बारीक दिसायला लागलं. आईचं मन म्हणजे असलं. आकडा सांगेल ते डोळ्यांना दिसतं. मी रडायलाच लागले.

"दूध कमी पडतंय," सासूबाई पांढऱ्या पडल्या. "मी म्हणत होते, हिचं जेवणाकडे लक्ष नाही. खाणीतच असते सारखी."

"विहीणबाई," आत्या शांतपणे म्हणाली, "तुमच्या खांद्यावर काय आहे?"

आम्ही सगळ्यांनी बघितलं. सासूबाईंच्या खांद्याला ढमीची दवाखान्याची पिशवी होती. लंगोट, गरम पाण्याची बाटली, दुधाचा डबा, कपड्यांचे दोन जोड. स्वयंपाकघरातून येताना निघायचं म्हणून त्यांनी ती अडकवली होती आणि तशाच उभ्या राहिल्या होत्या.

"अगं बया," सासूबाई म्हणाल्या आणि पिशवीसकट खाली बसल्या. मी रडता रडता हसायला लागले. ढमीला आम्ही हसतोय याचंच हसू आलं.

आत्या हसली नाही. ती उभ्याउभ्या त्या पिशवीकडे बघत होती. मग ढमीला माझ्या हातात देऊन खुर्चीवर बसली.

"दोन्ही वेगवेगळं साठवलं आहेस ना?" तिने मला विचारलं. "भरलेलं वेगळं, रिकामं वेगळं?"

"हो, हल्ली सगळंच साठवतात."

"आम्ही नाही साठवायचो. टेपवर जागा कुठे असायची. वजाबाकी झाली की मूळ पुसून टाकायचं." तिने चष्मा काढला. "माझी रिकामी जागा रिकामी आहे का, हे मी कधी बघितलंच नाही."

दवाखान्यातून आल्यावर मी बसले. ढमीचं वजन ठीक होतं, किंचित वाढलं होतं. सासूबाईंनी तिला फिरवायला नेलं. न सांगता नेलं, म्हणजे त्यांनाही काहीतरी कळलं असावं. रोज सुरुवातीला दुर्बीण तपासण्यासाठी ती भलत्याच दिशेच्या कोऱ्या आकाशाकडे वळवलेली असते. ते माप मी काढलं आणि आत्याच्या जागेतून वजा केलं.

शिडी उभी राहिली. एकेक पायरी, सारख्या अंतरावर, काचवाल्याने छापून परत घेतलेल्या आकड्यांवर. मग ढगातून तेच माप वजा केलं. तिथेही तीच शिडी, तेवढ्याच उंचीची. लहान साखळ्या ढगाच्या मधोमध दाटलेल्या होत्या, म्हणून वजाबाकीतून वाचत होत्या. लांब साखळी सगळीकडे सारखी पातळ पसरलेली. एका हाताने मिळत होती आणि दुसऱ्या हाताने आम्हीच ती पुसत होतो.

"पण तारे?" मी म्हटलं. "तिथे तर तारे दिसतात."

आत्याने मला त्या ताऱ्यांची अंतरं काढायला लावली. तिच्या काळी ती कोणी मोजलेली नव्हती, आता सगळी मिळतात. ते तारे ढगाच्या अलीकडे होते. घराच्या अंगणात दिवे लावावेत आणि मागे घर आहे हेच कळू नये, तसे.

मला वाटलं होतं ती आनंदाने काहीतरी बोलेल. इतकी लांब साखळी अजून कोणाला दिसली नव्हती. ती फक्त म्हणाली, "अलीकडचे होते," आणि पडद्यावरच्या पहिल्या पायरीला बोट लावलं. ढमीच्या हिरडीला लावते तसं, हलकेच.

काचवाल्याचा नंबर बाबांकडे होता. आत्याला एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. मी उठायला लागले तर तिने माझा हात धरून ठेवला.

"कोण बोलतंय?" म्हातारा, जरा घरघरीत आवाज.

"वरची."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"बोल," तो म्हणाला. "खालचा ऐकतोय."

आत्याने काय बोलायचं ते मनाशी ठरवून ठेवलं असणार, पण तिला त्यातलं काही आठवलं नाही. ती सरळ आकडे वाचायला लागली. पहिला वाचला, दुसरा वाचला. तिसरा ती वाचायच्या आधीच त्याने सांगितला, शेवटच्या दशांशापर्यंत.

"पाठ आहेत तुला?"

"विसरायला जमलं नाही."

"सापडली रे. सगळ्या पायऱ्या. तुझ्याच आकड्यांवर."

"कुठे होती?" त्याने विचारलं.

"सगळीकडे. मी रिकामी समजत होते तिथेसुद्धा. ते तारे ढगाच्या अलीकडचे निघाले."

तो हसला, आणि हसता हसता खोकला. "भिंग घेऊन बसली होतीस दिवसभर. मी चहा आणून ठेवला होता, तो गार झाला."

"हसू नकोस. तू म्हणालास, चुकले असतील."

"म्हणालो."

"चुकले नव्हते."

"मला ठाऊक होतं."

आत्याने माझा हात सोडला. "काय ठाऊक होतं?"

"आकडे बरोबर आहेत ते. तू खाली येण्याआधीच नवीन नळी फुंकून पुन्हा मोजले होते. पण तू जिन्यात उभी राहिलीस ना, तुझा चेहरा बघितला. तुझी नोकरी कच्ची, वर ते सगळे टपून बसलेले. म्हटलं, दोघांपैकी एकाला चुकायचंच आहे तर मी चुकतो. काच फुंकून कुठेही पोट भरता येतं."

"मला वाटलं तुझा स्वतःवर विश्वास नाही."

"मला वाटलं तुला बरं वाटेल."

ढमीच्या हातातला चमचा खाली पडला. कोणी उचलला नाही.

"तू नुसतं म्हणाला असतास," आत्या म्हणाली, "परत बघ. एवढंच. मी दुसऱ्याच दिवशी दुसरी रिकामी जागा घेऊन बघितलं असतं. हट्टाने बघितलं असतं, तुला खोटं पाडायला."

"हो. तू तशीच होतीस."

"मूर्ख."

"कोण, मी?"

"तू. मग मी."

पलीकडे दाराची घंटा वाजली. नातीला शाळेतून आणायची वेळ झाली, शेजारीण हाक मारतेय, असं तो म्हणाला. मग म्हणाला, "नाव घालू नको हं माझं कुठे. मी ते परत घेतलंय."

"परत घेतलेलं परत देता येतं," आत्या म्हणाली. "जा. नात उभी राहील दारात."

फोन बंद झाला तरी ती तशीच बसली होती. सासूबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्यांनी चहाचा कप आत्यासमोर ठेवला, खाली पडलेला चमचा उचलून धुतला.

"सापडला ना कोळसा? मग चेहरा असा का?"

"उशिरा सापडला, विहीणबाई."

"उशिरा का होईना."

"साखळीला काही फरक पडत नाही," आत्या म्हणाली. "ती आणखी लाख वर्षं तशीच फिरेल. आम्हालाच फक्त एक स्वयंपाकघर मिळणार होतं." तिने चहाचा कप जवळ ओढला. "ओटा उंच करून घेऊ म्हणत होता तो."

त्या संध्याकाळी नवरा ढमीला जोजवत असताना मी त्याला विचारलं, "मी चुकतेय असं वाटलं तर तू सांगतोस ना मला?"

"मला जीव प्यारा आहे," तो म्हणाला.

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी त्याच्या हातातून ढमीला घेतलं आणि म्हटलं, "नाही, सांगत जा." त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि मग काहीच विनोद केला नाही.

पेपर आम्ही टेबलावरच लिहिला, ढमीच्या झोपांच्या मापाने. तिची झोप लहान, त्यामुळे परिच्छेदही लहान. पहिलं वाक्य मी लिहिलं होतं: अमुक ढगात अमुक लांबीची कार्बनसाखळी प्रथमच आढळली. आत्याने ते खोडायला लावलं.

"आधी हे लिही: या रेणूचं पूर्वीचं प्रयोगशाळेतलं मापन बरोबर होतं."

"आत्या, पहिलं वाक्य असं नसतं."

"लिही."

मी लिहिलं. मग तिने त्या जुन्या शोधाबद्दलचं वाक्य मागितलं. मी पेपरात लिहितात तसं लिहिलं: पूर्वीच्या निरीक्षणात संदर्भासाठी निवडलेलं स्थान रिकामं नव्हतं.

ती ते वाचत राहिली. "कोणी निवडलं ते यात येत नाही."

"पेपरात तसं लिहीत नाहीत."

"आणि ज्याने परत बघायला सांगितलं नाही, त्याच्याबद्दल?"

"त्याला तर जागाच नाही."

आत ढमी उठल्याचा आवाज झाला, आधी कुरकुर, मग हाक. मी उठणार तेवढ्यात आत्या उठली. दाराशी जाऊन ती वळली आणि म्हणाली, "काचवाल्याचं नाव पहिलं घाल. नको म्हणाला तर मला फोन दे. या वेळी मी भांडेन."

मग ती आत गेली. ढमीची हाक थांबली. मी लेखकांच्या ओळीत पहिल्या जागी त्याचं नाव टाईप केलं आणि आत्याचं त्याच्या शेजारी ठेवलं, मध्ये एक स्वल्पविराम.